गाळलेली ओळ

हळदीचं ओलं पान पायाखाली चुरडलं की जो वास उठतो, तो शिजलेल्या हळदीचा नसतो आणि वाळलेल्या हळकुंडाचाही नसतो. तो हिरवा असतो, किंचित कडवट, काळ्या मातीच्या पोटातून नुकताच वर आल्यासारखा. भाद्रपदात शिरड शहापूरच्या बाजूला शिवारात हळद कंबरेएवढी उभी असते, तिच्या रुंद पानांवर ऊन आणि ढग आळीपाळीने उतरत राहतात आणि परक्याला वाटतं, काय हे वैभव! लोकांना हळद म्हटलं की मांडव आठवतो. मला तिरडी आठवते. आमच्या दलित वस्तीच्या स्मशानभूमीला वाट नव्हती. होतं ते दत्तरावांचं हळदीचं रान, त्याचा निसरडा बांध आणि त्यापलीकडचा ओढा. आमची माणसं मेल्यावरही कुणाचं तरी पीक सांभाळत जायची.

आता मी हैदराबादेत एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी धुते. वाफेने भरलेल्या त्या खोलीत ऋतू कळत नाहीत. फोन वाजला की गावाकडचं कोण गेलं, हाच पहिला विचार. परवा वाजला तो सरूमायच्या स्मरणग्रंथासाठी. गेल्या हिवाळ्यात ती गेली. जिला आयुष्यभर सभेच्या मांडवात खुर्ची मिळाली नाही, तिच्यावर आता जाड कागदाचं पुस्तक निघतं आहे. फोनवरचा आवाज गोड होता. “ताई, तुम्ही त्यांच्या जवळच्या. त्यांच्या सर्वसमावेशक नेतृत्वातून आपण काय शिकलो, असे पाच धडे द्या ना. मुद्द्यांत द्या. लांबण नको.”

मी बरं म्हटलं, कारण कुणालाही नाही म्हणताना माझी जीभ अडखळते. मग ओल्या चादरींच्या ढिगापाशी उभी राहिले आणि अंगभर संताप चढत गेला. पाच धडे! जणू ती बाई न्याहारीला बसून धडे वाटत होती, आणि आम्ही ते ओंजळीत झेलत होतो. तिने मला जे शिकवलं ते माझ्या बापाच्या अंगावरून गेलं. ते मुद्द्यांत कसं बसवू?

सरूमाय दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण करणारी बाई. अक्षरओळख नव्हती, पण हक्काची ओळख अशी पक्की की पाणवठा असो, रेशन असो, पंचायतीतली बसायची जागा असो, ती एकदा उभी राहिली की हटायची नाही. मी आठवीत शाळा सोडली. आई गेली होती, घरात चूल पेटवायला कुणी नव्हतं आणि हायस्कूल दूर होतं. दप्तर खुंटीला टांगलेलं पाहून तीच एकदा म्हणाली, “काहून टांगलं? शाळा सुटली तं हात बी तुटला का? चल, माझे अर्ज लिव.” त्या दिवसापासून मी तिची लेखणी झाले. ती बोलायची, मी लिहायची; आलेला कागद मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची. आज हे चार शब्द मला सरळ मांडता येतात ते तिच्यामुळे. हे उपकार मी नाकारत नाही. म्हणूनच रागाला जागा सापडत नाही.

वाटेसाठी तिने किती हेलपाटे घातले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. अखेर एका पावसाळ्यात दत्तराव नमले. बांधालगत गाडीवाटेएवढी पट्टी सोडायचं कबूल झालं, आणि पंचायतीच्या ओसरीवर सगळे जमले. त्या वेळी माझा बा घरात खाटेवर होता. पोट फुगलेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं, आणि घरी न्या म्हणजे काय ते वस्तीतल्या लेकरांनाही कळतं. मागच्याच आषाढात आम्ही चुलत्याला नेताना ओढ्यात खांदेकऱ्यांचे पाय रुतले होते आणि तिरडी एका बाजूने पाण्याला टेकली होती. तो चुबुक असा बारीकसा आवाज माझ्या कानांतून जात नव्हता. माझी एकच मागणी होती: बा कोरड्या वाटेने जावा.

कारकुनाने कागद माझ्या हाती दिला. सरूमायने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि म्हणाली, “वाच.”

मी वाचत गेले. गट क्रमांक, चतुःसीमा, रुंदी. आणि मग ती ओळ आली. सदर वाट फक्त वस्तीतील रहिवाशांसाठी राहील. पालावरील भटक्या लोकांना प्रेत नेण्यास अथवा पुरण्यास वापरता येणार नाही. गावकुसापलीकडे पालं ठोकून कित्येक वर्षं राहिलेली ती दहा-बारा घरं आमच्याच ओढ्यापलीकडे आपली माणसं पुरत असत. त्यांच्यातली म्हातारी चंदरी त्या क्षणी ओसरीच्या शेवटच्या पायरीवर टेकून बसली होती. वाटेसाठी काढलेल्या मोर्चात ती आमच्यापुढे चालली होती, आणि तिला वाटत होतं की आज तिचीही वाट होते आहे.

माझं बोट त्या ओळीवरून सरकलं. आवाज सरकला नाही. मी पुढची ओळ वाचली, तारीख वाचली, थांबले.

सरूमायचा शाईचा अंगठा कागदावर अधांतरी राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. पंधरा-वीस माणसं, दत्तराव, कारकून, सगळे बघत होते. ती शांतपणे म्हणाली, “पोरीनं चष्मा न्हाई आनला. मधलं राह्यलं तिचं. पुन्यांदा वाच माय, सावकाश.”

मला कधीच चष्मा नव्हता.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. वाचताना पायरीकडे पाहायची हिंमत झाली नाही. फक्त चंदरीच्या हातातल्या कथलाच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या, एवढं ऐकू आलं. सरूमायने अंगठा पदराला पुसला.

दत्तराव हसले. “बाई, तुमचं तं काम झालं न्हवं? मग पालवाल्याची वकिली कशापाई? त्याहिचं पुरायचं, तुमचं जाळायचं. मेळ तरी हाय का?”

“मेल्यावर मेळ लागतोच मालक,” ती म्हणाली. “तुमचा बी लागन.”

ओसरीवर कुणी हसलं, कुणी खाकरलं. पण आमचीच माणसं चिडली होती. “सरूमाय, लोकाच्या मढ्यापाई आपलं मढं अडवून ठिवती का?” “आधी आपलं होऊ दे, मग त्याहिचं बघू.” तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं, शेवटच्या माणसापर्यंत. मग म्हणाली, “त्याहिला अडवायचा कागद आज आपल्या अंगठ्यानं झाला, तं उद्या आपल्याला अडवायला कोनाची मंजुरी लागन?” आणि कागद अंगठ्याविनाच परत गेला.

माझ्या खोटेपणाचा उच्चार तिने कुणापाशी केला नाही, तेव्हा नाही, नंतरही नाही. लोकांनी तिला शिव्या दिल्या आणि मला मात्र बिचारी म्हटलं. हे मला सहन झालं, याचाही मला राग येतो.

घरी येऊन मी बाला सांगितलं, अर्धंच. तो छताकडे बघत हसला. “मेलेल्याला चिखल लागत न्हाई गं. तकलीफ उचलनाऱ्याला. पोट फुगलं तरी मी वाळलो हाये, उचलायला हलका, ते बी बराबरच झालं.” त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी, मी भाकरी थापत असताना, त्याचा श्वास थांबला.

पाऊस उघडला होता, पण ओढा भरून होता. बांधावरून एका वेळी एकच माणूस चालू शकतो आणि तिरडीला चार खांदे लागतात. दोघे बांधावर, दोघे खाली हळदीत, अशी ती तिरपी, लटपटती यात्रा निघाली. पानं चुरडत होती, तो वास उठत होता. छत्री घेऊन उभे असलेले दत्तराव हलक्या, समजूतदार आवाजात म्हणाले, “जरा बघून चाला रे. पीक हाय.” एवढंच. शिवी नाही, दरडावणी नाही. शिवी दिली असती तर मी आज विसरले असते. ओढ्यापाशी खांदेकरी घसरले आणि बाच्या पांढऱ्या कापडाला छातीपर्यंत काळा चिखल लागला. पलीकडच्या चढावर पालावरची माणसं उभी होती, हात जोडून, हाकेच्या अंतरावर. त्यांना पाण्याचा चढउतार ठाऊक होता, त्यांचे पाय रुतले नसते. कुणी हाक मारली नाही. मीही मारली नाही. ज्यांना मी कागदातून गाळलं होतं, त्यांना कोणत्या तोंडाने बोलावणार होते?

पुढच्या उन्हाळ्यात वाट झाली. कुणालाही न वगळता झाली. सरूमायने पुन्हा सगळे हेलपाटे घातले, पुन्हा अर्ज केले, आणि ते मी लिहिले, दात आवळून. गेल्या हिवाळ्यात तिला नेलं ते त्याच वाटेने. मी हैदराबादहून रात्रभर बसने येऊन मागोमाग चालले. मुरूम टाकलेला होता, चपलेला चिखल नव्हता. मला रडू आलं ते तिच्यासाठी की बासाठी, हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

पण पुस्तकवाल्यांना सांगावं असं जे आहे, ते याही आधीचं आहे. बाची राख सावडून आलो त्या दुपारी ती आमच्या दारात आली. मी तिला पाणी विचारलं नाही. बस म्हटलं नाही. उंबऱ्यात उभी राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात ओरडले, “तुझ्यामुळं माझा बाप चिखलातून गेला!”

मला वाटलं, ती समजावेल. दत्तरावांचं नाव घेईल. कचेरीचं, जन्मोजन्मीच्या अन्यायाचं नाव घेईल, आणि ते सगळं खरंच होतं. मी गाळलेल्या ओळीची आठवण देईल, निदान डोळ्यांनी. तिने यातलं काहीही केलं नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “माझ्यामुळं.”

आणि उंबऱ्याबाहेर, उन्हात, खाली बसली. संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

इतकी वर्षं मी त्या दुपारचा हिशोब लावते आहे. ज्याने वाट अडवली तो म्हणाला नाही, माझ्यामुळं. ज्याने ती ओळ कागदावर उतरवली तो म्हणाला नाही. जे सही करून मोकळे व्हायला निघाले होते ते म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. गावात त्या दिवशी एवढी माणसं होती, आणि बाचा चिखल आपल्या अंगावर घ्यायला पुढे आली ती एकटी, जिच्याकडे तो सर्वांत कमी निघत होता. त्या एका होकाराने माझा राग विझायला हवा होता. तो विझला नाही. फक्त त्या दिवसापासून तो कुणाच्या दारात नेऊन ठेवावा, ते मला कळेनासं झालं आहे.