आधी स्वतःची चूक सांगणारे काका

गावंडे काका गेल्याचं मला चांदूर रेल्वेला कळलं. थोरल्या बहिणीकडे दोन दिवसांसाठी गेले होते. सकाळचा चहा झाला होता, ती मेथी निवडत बसली होती आणि मी सहज मोबाइल उघडला. अकोल्याच्या आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर मागच्या ओळीतल्या इंगळेबाईंनी विचारलं होतं, "काका, आज नळ येणार का?" त्याखाली दोनच मिनिटांनी काकांच्या मुलाचा, प्रशांतचा निरोप होता. "बाबा आज पहाटे झोपेतच गेले." एरवी अशा निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. त्या दिवशी बराच वेळ कोणी काही लिहिलंच नाही... मग इंगळेबाईंनी आपला प्रश्न पुसून टाकला. बहिणीनं विचारलं, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, "शेजारचे काका." आणि अकोल्याची गाडी पाहायला लागले.

आम्ही अमरावतीहून अकोल्याला आलो त्याला आता बारा वर्षं होतील. यांची बदली झाली, मला तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली, आणि शहराच्या कडेच्या एका ले-आउटात आम्ही तयार घर विकत घेतलं. सामानाचा ट्रक अजून रिकामा व्हायचा होता तेव्हाच फाटकाशी एक उंच, सावळे, खांद्यावर दुपट्टा टाकलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. वर बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, टाकी पश्चिमेले ठेवली तुमी. उन्हाळ्यात हात भाजंल, अंग धुता येनार नाही. आताच सरकवून घ्या, मानसं हायेत तवरीक." मला राग आला. अमरावतीचा उन्हाळा मी काय पाहिला नव्हता? पण एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच नळातून चहाचं पाणी यायला लागलं, तेव्हा टाकी सरकवायला वेगळी माणसं शोधावी लागली. ती माणसंही काकांनीच आणून दिली, आणि "मी तुमाले सांगितलं व्हतं" हे एकदाही म्हणाले नाहीत.

वासुदेवराव गावंडे मूळचे बाळापूर तालुक्यातले. सारी नोकरी पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी ते आपल्या ओट्यावर बसत आणि गल्ली त्यांच्याकडे येई. कोणाच्या दारासमोरचा दिवा बंद, कोणाच्या तारांना कडुनिंबाच्या फांद्या लागलेल्या, कोणाच्या नावाच्या स्पेलिंगमुळे कागद अडलेला. काका सगळं ऐकून घेत आणि मग एकदोन वाक्यांत मोकळे होत. "अर्जात रडू नोका. खांबाचा नंबर लिवा. रडगानं कोनी वाचत नाही, नंबर वाचते." "दुसऱ्या कागदावर पोच घेतल्याबिगर खिडकी सोडू नोका." "ऑफिसात एकटं जाऊ नोका, दोघं जा. तिघं गेले का आपसातच भांडन होते." कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर लोक कचरा टाकत, तेव्हा कोणी म्हणालं पाटी लावू, कोणी म्हणालं कॅमेरा लावू. काका म्हणाले, "बाकडं ठेवा अन् बसत जा. जिथं मानूस बसते तिथं कोनी कचरा टाकत नाही." बाकडं ठेवलं. बायका संध्याकाळी तिथं बसायला लागल्या आणि महिन्याभरात कचरा थांबला. गल्लीतल्या बायकांची एकमेकींशी खरी ओळख त्या बाकड्यावरच झाली, माझीही.

त्यांच्या सगळ्या नियमांत एक नियम ते कोणालाही सोडत नसत. मोठी पाइपलाइन आमच्याकडे रस्त्यातून जाते आणि रस्ता व घरं यांच्यामध्ये नाली आहे, त्यामुळे प्रत्येक घराचं कनेक्शन नाली ओलांडूनच आत येतं. नवं घर बांधणाऱ्याला काका सांगत, नळाचा पाइप नालीच्या तळाखालून न्या, तोही दुसऱ्या जाड पाइपात ओवून. नालीतून नेला तर एक दिवस तो सडेल, आणि ज्या दिवशी नळ नसतो त्या दिवशी रिकामा पाइप नालीतलं पाणी आत, पार मोठ्या पाइपलाइनीत ओढेल. मी हे माझ्या वर्गात मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. शेजारचे काका असं सांगतात, असं त्यांचं नाव घेऊन.

सहा वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात आमच्या सईला कावीळ झाली. ती तेव्हा सातवीत होती. आधी नुसता थकवा, मग जेवणाचा वासही नको, मग एका सकाळी आरशापुढून हाक मारली, "आई, माझे डोळे बघ." चार दिवसांत तिला दवाखान्यात भरती करावं लागलं. त्याच आठवड्यात उताराकडच्या, आमच्या पुढच्या घरातली दोन माणसं आजारी पडली. सईच्या तपासणीचे आकडे रोज वाढत होते आणि डॉक्टर म्हणत होते, वाट पाहू. मी तिच्या उशाशी बसून तिचे पिवळे तळवे हातात धरायची आणि कशाची वाट पाहायची ते मला समजायचं नाही.

इकडे गल्लीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. नळाच्या दिवशी काका स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटल्या घेऊन घरोघर फिरले. प्रत्येक घरातलं नळाचं पहिलं पाणी धरलं, बाटलीवर घराचं नाव लिहिलं आणि सगळ्या बाटल्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. आमची गल्ली उताराची आहे. काकांच्या घराच्या वर जेवढी घरं, तेवढ्यांचं पाणी निर्मळ होतं. काकांच्या घरापासून खाली मात्र, म्हणजे आमच्याकडेही, गढूळ, आणि त्याला वास. ते बाटल्यांकडे पाहत बराच वेळ बसले म्हणे. मग कुदळ घेऊन आपल्याच दारासमोरची नालीवरची फरशी उचलली.

पाइप त्यांचाच होता. घर बांधलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी टाकलेला. नालीच्या तळाखालून नव्हे, थेट नालीतून, आणि जोड बरोबर मधोमध. तो सडून गेला होता. त्यांच्या घरी सुमनकाकू पाणी उकळूनच प्यायला देत, म्हणून घरातलं कोणी आजारी पडलं नव्हतं.

दुपारची वेळ होती, गल्ली निजलेली. दोन तासांत ते सगळं बदलू शकले असते, फरशी परत ठेवू शकले असते. उभ्या जन्मात कोणाला कळलं नसतं. त्यांनी फरशी उघडीच ठेवली आणि संध्याकाळी सगळ्यांना बोलावून घेतलं. मी कपडे न्यायला घरी आले होते, म्हणून मीही तिथे होते. काका नालीच्या काठाशी उभे होते, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"हा जोड माहा हाय," ते म्हणाले. "मीच केला. खाली खनाले दगड लागला, एका दिवसाचं काम वाढत व्हतं. म्हनलं, मी सोता फिटर हाय, ध्यान ठेवीन. अन् इसरून गेलो... तुमचे लेकरं माह्यापायी बिमार पडले."

सगळ्यांच्या आधी मी बोलले. इतक्या वर्षांनी ते लिहायला नको वाटतं, पण त्यांनी लपवलं नाही तर मी का लपवू? मी म्हटलं, "आयुष्यभर लोकांना अक्कल शिकवली ना काका? मग माझ्या पोरीच्या वेळी कुठं गेली होती ती?" त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव मॅडम. बराबर हाय तुमचं." एवढंच. मला वाटलं होतं ते काही कारण सांगतील, म्हणजे मला आणखी बोलता येईल.

सई बरी झाली. पंधरा दिवसांनी घरी आली, दिवाळीपर्यंत पुन्हा सायकल चालवू लागली. काकांनी दुसऱ्याच दिवशी आपला पाइप दगड फोडून तळाखालून घेतला आणि मग गल्लीतल्या एकेका दाराशी जाऊन, "तुमचा जोड पाहू द्या," म्हणू लागले. काहींनी पाहू दिला. काहींनी तोंडावर फाटक लावलं. मी खिडकीतून पाहत असे. सत्तरीला टेकलेला माणूस नालीकाठी पोटावर झोपून, बॅटरी लावून, लोकांचे पाइप तपासत होता. आणखी दोन जोड सडके निघाले. पण संध्याकाळचा ओटा रिकामा पडला. लोक विचारायला जाईनात आणि काकाही बाहेर बसेनात. कोपऱ्यावरचा दिवा गेला तो दोन महिने तसाच राहिला. अर्ज कोणी करायचा यावर ग्रुपवर वाद झाले, अर्ज झाला नाही. समोरासमोर आलो की काका दुपट्टा सावरून बाजूला होत. मी सरळ निघून जायची.

असा हिवाळा गेला. मार्चमध्ये सई शाळेतून आली ती वही आपटत. पाण्यावर प्रकल्प करायचा होता आणि ती मला न विचारता थेट काकांकडे गेली होती. "ते सांगायलाच तयार नाहीत. म्हणाले, पयले तुह्या मायले इचार. आई, तू अजून रागावलीयस त्यांच्यावर? आजारी तर मी होते ना!"

त्या संध्याकाळी मी गेले. काका आत पलंगावर बसले होते, काकू तांदूळ निवडत होत्या. मला पाहून दोघंही उभी राहिली. माफ केलं म्हणायला गेले होते, पण ते शब्द फार मोठे वाटले, आणि खरं सांगायचं तर माफी मलाही मागायची होती. काकाच म्हणाले, "मॅडम, आता मले कोनाले काही सांगाची हिंमत होत नाही. पोरीले काय सांगू?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "काका, आमचा कूलर फार आवाज करतो यंदा. हवाही गार येत नाही. काय करू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाळा बदलला का?"

"नाही."

"पंख्याले तेल?"

"नाही."

"मंग कसा थंडा करंल थो?" असं म्हणून ते चपला शोधू लागले. काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. गल्लीनं काकांना पाना-पकड घेऊन माझ्या घरात शिरताना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी इंगळेबाई कोपऱ्यावरच्या दिव्याचा अर्ज लिहून घ्यायला ओट्यावर हजर!

त्यानंतरची पाच वर्षं ते पूर्वीसारखेच बसले, पण एक फरक पडला. कोणी नवं माणूस सल्ला विचारायला आलं की काका आधी म्हणत, "मी एक चूक केली व्हती, थे पयले आयका. मंग माह्यं आयकाचं का नाही, थे ठरवा." आणि आपल्या जोडाची हकिकत सांगत. काही न वगळता. पहिल्यांदा ऐकताना मला अवघडल्यासारखं झालं होतं. मग लक्षात आलं, की ते ऐकल्यावर समोरचा माणूसही मोकळा होतो. आपलं कुठं चुकलं, काय लपवलं, कोणाशी उगाच भांडलो, सगळं सांगून टाकतो. त्यामुळे त्यांचा सल्ला पूर्वीपेक्षा नेमका लागू पडायचा. सईनं त्या वर्षी गल्लीतल्या प्रत्येक नळजोडाचा नकाशा केला. काकांनी एकेक जोड तिला दाखवला आणि आपल्या घरापाशी लाल पेन्सिलीनं गोल काढायला लावला. ती नको म्हणत होती. "काढ," ते म्हणाले. "नकाशा खोटा नसावा."

तेराव्याला गल्ली जमली होती. मी काकांवर लेख लिहिणार आहे असं म्हटल्यावर प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ती नालीची गोष्ट सोडून लिहिता येईल का? लोकांनी बाबांचं चांगलं आठवावं." मुलाचं काही चुकत नव्हतं. मी हो म्हणणारच होते. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "लिवा. थे सोता साऱ्याइले सांगत, आपन कोन झाकनारे?" प्रशांतनं आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग नीट लिहा. पाइप तळाखालून न्यायचा, ते लिहाच."

आता दीड महिना झाला. परवा शाळेतून येताना पाहिलं, तर काकूंनी ओट्यावर सतरंजी टाकलेली. रोज पाच वाजता टाकतात, म्हणाल्या. मी विचारलं, "कोणी येतं का?"

"येतात ना वो. मले त्यातलं काय समजते? येतात, बसतात, अन् आता एकमेकाइलेच इचारतात."

खरंच, इंगळेबाई तावातावानं कोणाला तरी मीटर बदलून घेण्याचा अर्ज सांगत होत्या. नव्यानं राहायला आलेली एक मुलगी गॅसच्या नळीबद्दल विचारत होती, आणि तिला तिघांकडून तीन उत्तरं मिळत होती. काकू चहा मांडायला आत गेल्या. थोड्या वेळानं आतून त्यांनी विचारलं, "मॅडम, किती जन हाय जी?"

मी मोजलं. तेवढ्यात फाटक वाजलं, म्हणून पुन्हा मोजलं.

"नऊ," मी म्हटलं. "थोडा जास्तच टाका."