गुरुवारचा वर्ग

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, म्हणून सरांचा वर्गही गुरुवारी. पुनावळ्यात त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सर अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर. शिकवायचे मात्र आम्हाला, म्हणजे शाळा अर्ध्यात सोडून आता सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्या, बाहेरून दहावीला बसणाऱ्या कंत्राटी कामगारांना. मी आठवीतून शाळा सोडलेली, परभणीकडून चाकणला आलेली. विज्ञानाची मला भीतीच वाटायची.

सरांची एक रीत होती. "कंट्रोल रूममध्ये पाळी संपली म्हणून खुर्ची सोडता येत नाही," ते म्हणायचे. "येणाऱ्याला सगळं सांगायचं, त्यानं ते आपल्याला परत सांगायचं, मगच घरी." तसंच इथंही. शिकवून झालं की आमच्यातल्या एकानं तोच धडा फळ्यापाशी उभं राहून सगळ्यांना सांगायचा.

फोर्कलिफ्ट चालवणारे एक दादा होते आमच्यात, वयानं सगळ्यांत मोठे. एकदा कुरकुरले, "सर, कळलं की. उगं परत कशाला?"

"कळलंय ना? मग या."

दादा गेले आणि खडू धरून नुसते हसत राहिले. "खाली बसल्यावर समदं येत हुतं बगा."

"म्हणून तर उभं करतो, राव," सर म्हणाले.

फळ्यापाशी जायचा माझा नंबर आला की मला हमखास काहीतरी काम निघायचं. सरांनी ते दोन-तीनदा चालू दिलं. मग एका गुरुवारी मला दारातच गाठलं. "ताई, भिणारा माणूस दोनदा बघतो. आमच्या कामात मला तसलीच माणसं हवी असायची. फक्त त्यांनी पळून जायचं नाही." त्या दिवशी मी विजेचा धडा सांगितला. कंपनीत दिवसभर गाड्यांच्या वायरीच जोडते, तेच सांगितलं. दोनदा अडखळले, पण सांगितलं. इतक्या मोठ्या माणसानं शेवटच्या बाकावर बसून माझं ऐकलं, हे उपकार मी कसे फेडू?

दिवाळीनंतर सर आजारी पडले. जानेवारीत गेले. परीक्षा मार्चमध्ये.

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो तर हॉलला कुलूप. सोसायटीचे चेअरमन किल्ली घेऊन तिथंच उभे, याच गावचे. वाईट वाटत होतं त्यांनाही. म्हणाले, "सर व्हते तवर ठीक व्हतं. आता शिकवनार कोन?"

एक-दोघं गाडीची किल्ली चाळवायला लागले. आता हे पांगले की परत जमणार नाहीत, आणि एकटीनं अभ्यास माझ्याच्यानं होणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

"मी," मी म्हणाले.

"तुमी? तुमचीच धाव्वी व्हायचीय की अजून!"

"व्हय. म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कुलूप काढलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी फळ्यापाशी उभी राहिले. भिंगांचा धडा राहिला होता. आदल्या रात्री पाठ केलेलं फळ्यापुढं निम्मं उडालं. किरण भिंगातून काढला तो भलतीकडंच गेला.

"मॅडम," मागून दादा, "त्यो किरण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी घुसला जनू!"

सगळे खो खो हसले. माझे कान तापले. दादांनीच मग उठून पुस्तक माझ्यापुढं धरलं. "बघून काढा की. आमी बसलोय."

मी आकृती पुसली, पुस्तक डाव्या हातात धरलं आणि पहिल्या रेघेपासून काढायला लागले.