तिसरा पुकारा

"मामा गेलं वो, बाई..." उचगावहून त्यांच्या शेजारणीचा फोन होता. तिच्या बोलण्यामागे नेहमीची गिरणीची घरघर नव्हती, आणि मला बातमी खरी वाटली ती त्या शांततेमुळेच. मामा म्हणजे गणपतराव मगदूम, आमच्या कोर्टाचे पट्टेवाले. मी आत स्टेनो, ते दारावर. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणं हे त्यांचं काम. आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या टपरीवरचा माणूस चहा टाकून धावत यायचा. तीन पुकारे होऊनही कुणी आलं नाही तर गैरहजर. तिसरा पुकारा ते जरा लांबवायचे, येणाऱ्याला तेवढीच सवड.

मामांची लग्नाची बायको वर्षभरातच गारगोटीला माहेरी गेली ती परतलीच नाही. कागदावर मात्र नातं तसंच राहिलं. पुढे उचगावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या, नवरा वारलेल्या सुलाबाईंकडे मामा राहू लागले. संध्याकाळी घरी आले की त्या घरघरीत ऐकू जावं म्हणून ते दारातूनच कोर्टासारखा पुकारा करायचे, मध्ये स्वतःचं नाव घालून, "सुलोचना गणपत मगदूम!" आणि त्या मुद्दाम तिसऱ्या हाकेलाच बाहेर यायच्या. "तीन पुकारं झाल्याबिगर कोर्टबी गैरहजर धरत न्हाय की!" एकदा दळण घेऊन गेले असताना हा खेळ मी पाहिला आणि हसून बेजार झाले. त्या दोघांचा थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू.

नव्वदच्या दशकात कधीतरी निनावी अर्ज गेला आणि मामांवर खात्याची चौकशी लागली. खासगी आयुष्यात अनैतिक वर्तन करून न्यायखात्याच्या प्रतिमेला बाधा आणली, असा आरोप. एवढ्या मोठ्या खात्याची प्रतिमा उचगावच्या दोन खोल्यांवर उभी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं! नोकरी जायची वेळ आली. हेडक्लार्कनं समजावलं, "मी तिथला भाडेकरू हाय म्हणा, सुटाल." मामा तयार होईनात. शेवटी सुलाबाईंनीच गळ घातली, "म्हणा की भाडेकरू. माझं काय झिजतंय?" तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

चौकशीत जबाब टिपून घ्यायला मीच होते. चौकशी अधिकारी म्हणाले, "साक्षीदाराला बोलवा." आणि आरोपीच्या खुर्चीतले मामा, जन्माची सवय, उठून दाराशी गेले. समन्सवर सुलाबाईंच्या नावापुढे वारलेल्या नवऱ्याचं नाव होतं. मामांनी खणखणीत आवाज दिला, "सुलोचना गणपत मगदूम!"

हेडक्लार्कनं डोक्याला हात लावला. मामांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चौकट घट्ट धरली. कुणीही तिथंच थांबला असता, चुकलो म्हणाला असता. त्यांनी दुसरा पुकारा केला. मग तिसरा, लांबवून... सुलाबाई दाराशेजारच्याच बाकावर बसलेल्या. त्या तिसऱ्याला उठल्या.

"या तुमच्या कोण?" साहेबांनी मामांना विचारलं.

"आता ऱ्हायलंय काय सांगायचं, साहेब? तीनदा सांगितलं की."

नोकरी वाचली, पण वेतनवाढी गेल्या आणि बदली झाली चंदगडला. तिथं त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, दारावर उभं करायचं नाही असं ठरवून. पावसाळ्यात ओल धरलेल्या दप्तरांमध्ये तो आवाज बसून राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं. आमच्या दारावर नवा माणूस आला. तो नावं पुटपुटायचा, माणसं गैरहजर लागायची, आणि मी टाइप करताना उगाच मान वर करायची. मामा दर शनिवारी एसटीनं उचगावला यायचे. भिजलेले असोत, दमलेले असोत, आधी दारात पुकारा. निवृत्तीनंतर तर रोजच.

परवा, महिन्याभरानं, उचगावला गेले. गिरणी सुरू झाली होती. सुलाबाई पाठमोऱ्या, केसांवर पीठ. "सुलाबाई!" मी हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. घरघरीत काही ऐकू जाईना. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून मामांचंच आलं, "सुलोचना गणपत मगदूम!"

त्यांनी गिरणी बंद केली. पदरानं तोंड पुसत दारात आल्या आणि आधी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं... बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "या बाई, आत या."