मेलेल्या माशाची साक्ष

"सुधीर, तुझ्या स्क्रीनवर वाइल्ड माशांची जत्रा भरलीय. मी इथे कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, तर पायाला एक वाइल्ड मासा घासत नाही!" मार्गारेट व्हिडिओ कॉलवर कडाडली.

मार्गारेट कॅनडातल्या एका नदीची मत्स्य अधिकारी. मी सिंगापूरला, वन-नॉर्थच्या ऑफिसात बसून तिच्या नदीतले सॅमन मोजतो. कॅमेरा नदीत, मोजणी आमच्या सॉफ्टवेअरची. हे काम आईला सांगितलं, तेव्हा माझी नोकरी गेली आणि मी मासळीबाजारात बसलो, असा तिचा समज झाला.

या नदीत सॅमन दोन प्रकारचे. एक हॅचरीचे, म्हणजे टाकीत वाढवून सोडलेले. दुसरे वाइल्ड, नदीतच जन्मलेले. माशाच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एक छोटा मऊ पर असतो. हॅचरीवाले पिल्लू सोडण्याआधी तो कापतात. पर दिसला की वाइल्ड, नाही दिसला की हॅचरीचा. वाइल्ड फार कमी झाले की मासेमारीचा सीझन बंद करायचा, कारण गळ असला भेद करत नाही. अंडी घालायला निघालेली शेवटची मादीही त्याला लागते, आणि मग त्या नदीचं कूळच संपतं.

आमचा आकडा म्हणत होता, वाइल्ड भरपूर. सीझन चालू की बंद, हे मार्गारेटला उद्या याच वेळी जाहीर करायचं होतं.

मी कॅमेऱ्यातला मूळ व्हिडिओ उघडला. मासा आला. पाठ सपाट, पर कापलेला. तोच मासा आमच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडला तो ऐटबाज पर लावून! मला एसीत घाम फुटला. गेल्या वर्षी मीच एक प्रोग्रॅम लिहिला होता. बुडबुड्यांमागे अर्धवट दिसणारा मासा तो पूर्ण करून दाखवायचा. एवढा दानशूर प्रोग्रॅम आशिया खंडात झाला नसेल. ज्याला जे नाही, ते त्याने देऊन टाकलं. हॅचरीचे सगळे मासे एका रात्रीत वाइल्ड झाले.

बॉस लिमला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच नाही.

"सुधीर आह, क्लायंटला सांगायचं आपलं सॉफ्टवेअर राँग? फिनिश्ड लाह! एका व्हिडिओवरून काय ठरतं? प्रूफ आहे?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर आणतो."

लिटिल इंडियाच्या मार्केटात गेलो आणि बर्फातला एक अख्खा सॅमन उचलला. मगरीच्या मावसभावाएवढा! MRTत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या दोन्ही बाजूंच्या सीट रिकाम्या झाल्या. तेवढ्यात आरतीचा, म्हणजे बायकोचा, फोन.

"मार्केटात गेला होतास? काय घेतलंस?"

"अख्खा सॅमन."

"अरे, कोण खाणार एवढा? पाहुणे येतायत का?"

"लिम येईल. हरल्यावर."

"मग तिरफळं काढून ठेवते."

ऑफिसात कॅमेरे तपासायची काचेची टाकी आहे. लिमच्या डोळ्यांदेखत मी कात्रीने माशाचा तो पर कापला, तोंडात दोरी ओवली आणि मासा कॅमेऱ्यासमोरून ओढला. सगळी टीम गोळा झाली. स्क्रीनवर हिरवी चौकट आली: वाइल्ड. खाली आणखी एक ओळ: पोहण्याची गती उत्तम.

लिम चष्मा पुसून पुन्हा वाचू लागला. "डेड फिश ऑल्सो वाइल्ड, आह?"

"नुसता वाइल्ड नाही, तब्येतीनेही ठणठणीत!"

लिम हसला नाही. त्याने स्वतः मार्गारेटला ईमेल लिहिला: चूक आमची, नवा आकडा उद्याच्या कॉलवर. माणूस मोठा, हे मान्य केलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत माझा दानशूर प्रोग्रॅम काढून टाकला आणि साऱ्या सीझनचे व्हिडिओ पुन्हा मोजायला लावले. सकाळी कॉलवर आकडा वाचून दाखवला. वाइल्ड मर्यादेच्या कितीतरी खाली होते.

मार्गारेट म्हणाली, "म्हणजे माझे पाय बरोबर होते." आणि आमच्यासमोरच तिने सीझन बंद केल्याच्या आदेशावर सही ठोकली. आमच्या टीमने टेबलं बडवली. मी तर अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरून फायर अलार्मची चौकशी आली.

गळवाले तिच्यावर भडकले, आमच्यावरही. पण काही आठवड्यांनी तिचा फोटो आला: उथळ पाण्यात, गोट्यांवर अंडी घालणारी मादी. पाठीवर पर, देवाने दिलेला. लिमने तो फ्रेम करून रिसेप्शनला टांगलाय.

कंत्राट टिकलं. लिमने पुंगोलला आमच्या फ्लॅटवर तिरफळाच्या कालवणावर तीनदा भात घेतला. तेव्हापासून आमच्या ऑफिसात नियमच आहे: सॉफ्टवेअर क्लायंटला देण्याआधी त्याला एकदा मेलेला मासा दाखवायचा.