सायलेन्सरमधला कापूस

आज सुनेने अंगणात मोटरसायकलचा प्लग काढून पुसला आणि पेट्रोलच्या वासासरशी मी बाभुळगावच्या आमच्या दारात पोचले. वय बारा, अक्कल शून्य.

ताईला पाहायला मुलगा आणि त्याचे मामा मोटरसायकलवर आले होते. चहा देताना ताई त्याच्याकडे बघून लाजली. तो अजून घटकाभर थांबावा म्हणून मी शहाणीने बाहेर जाऊन सायलेन्सरात मूठभर कापूस ठासला.

त्याने किक मारून मारून घाम गाळला, प्लग पुसला, गाडी आडवी करून हलवली. मी खिडकीत परकराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते.

मग मामा म्हणाले, "दारातच गाडी अडली. हे लक्षण मले बरं नाही वाटून राह्यलं."

माझं हसू गेलं. पण बाबांच्या माराच्या भीतीने तोंड उघडलं नाही. मामा-भाचे गाडी ढकलत गेले. आठवड्याने नकार आला.

परवा ताई फोनवर म्हणाली, "तो पोरगा चांगला होता वं. मीच नसन आवडली त्याले."

पन्नास वर्षं ती हेच धरून बसलीय. बाबा कधीच गेले, आता मारणारं कोणी नाही. तरी मी म्हटलं, "ताई, भाजी करपून राह्यली," आणि फोन ठेवला.