पोकळ मुळांची साक्ष

मका संशोधन केंद्रात तिला सगळे ब्लेडबाई म्हणत. मक्याची मुळं धुवायची, ब्लेडने त्यांच्या कागदाहून पातळ चकत्या कापायच्या, हे तिचं काम. सासूबाई टोमणा मारायच्या, "घरी मात्र कांद्याचे धोंडे!" ती म्हणे, "कांद्याचा पगार कुठे मिळतो?"

त्या वर्षी पाण्याविना कोणता मका तगतो ते पाहायला एका शेताचं पाणी मुद्दाम तोडलं होतं. महिनाभरात पानांच्या सुरळ्या झाल्या. एक ओळ मात्र हिरवीगार! केंद्राच्या प्रमुख मॅडमनी तडक पंपवाल्याला बोलावलं.

"चोरून पाणी दिलंस ना?"

पंपवाला म्हणजे ब्लेडबाईचा धाकटा दीर. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तिच्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, पंपाची किल्ली माझ्याकडे म्हणून चोरही मीच?" त्या रात्री तो भरल्या ताटावरून उठला. ब्लेडबाईचा जीव तुटला.

सकाळी ती म्हणाली, "रडगाणं पुरे. कुदळ घे."

मॅडमची परवानगी काढून दोघांनी त्या ओळीलगत चर खणला. शेजारच्या ओळीची मुळं गुडघाभर खोलीवरच थांबली होती. हिरव्या ओळीची मात्र, दीर छातीभर खाली उतरला तरी संपेनात. आणि तिथली माती हाताला ओलसर लागत होती.

"ही काय विहीर शोधतायत?" घाम पुसत तो म्हणाला.

ब्लेडबाईने दोन्ही मुळं धुतली, कापली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. शेजारच्या ओळीचं मूळ पेशींनी गच्च भरलेलं. हिरव्या ओळीच्या मुळात मात्र मोठमोठ्या पोकळ्या, अगदी स्पंजासारख्या.

"पोकळ म्हणजे दुबळंच की," दीर कुजबुजला.

"उलट! पेशी कमी, म्हणजे खाणारी तोंडं कमी. वाचलेल्या ताकदीवर मूळ खोल गेलं नि खालची ओल गाठली."

तिने मॅडमना बोलावलं. मॅडम बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग हसून म्हणाल्या, "मला वाटलं, दिराची बाजू घेतेयस."

"मुळांना कुठे नातं कळतं, मॅडम?"

मॅडमनी चराशेजारी, सगळ्यांसमोर पंपवाल्याची माफी मागितली. तो इतका लाजला की पुन्हा चरातच उतरला. त्या ओळीची कणसं पुढच्या संकरासाठी वेगळी राखली गेली आणि अशाच पोकळ्या शोधायला ब्लेडबाईच्या टेबलावर आणखी चारशे झाडांची मुळं येऊन पडली. तिने पदर खोचला.