शनीचं कडं बघायला आईसोबत हैदराबादला

सुरतेत ग्रॅनाइट पॉलिशचं काम करतो. या सुट्टीत देगलूरला घरी आलो, तर आईनं माझ्या ताटात दोनदा मीठ वाढलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर नजर जाईल. आई म्हणाली, "साडेसाती उतरू दे. शनी बसलेला असताना मी डोळ्याला हत्यार लावू देणार नाही."

"मग आधी त्यालाच बघून येऊ. हैदराबादला तारांगण आहे," मी म्हटलं. ती लगेच तयार! दवाखान्याचं मी मुद्दाम काढलं नाही.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा आणि उजवीकडची खिडकी, ऊन लागत नाही. मदनूरपासून पाट्या तेलुगू होतात, शहर जवळ आलं की काचेच्या नव्या इमारती सुरू. इमलीबन बसस्टँडवर उतरून सुलतान बाजारात लॉज घेतलं. खोली काडेपेटीएवढी, पण स्वस्त, आणि खालीच इराणी चहा. आईनं उस्मानिया बिस्किटं चारदा बुडवून खाल्ली.

तारांगणाच्या दारात वॉचमननं पिशवी उघडली. आत तेलाची बाटली आणि काळे उडीद.

"अम्मा, ये तेल काय कू?"

"शनीला घालायला."

"अंदर मशीन है अम्मा, तेल नक्को." पण बाटली त्यानं नीट आपल्या खुर्चीखाली ठेवली. "जाते वक्त ले लेना."

हिंदी खेळ चुकला, तेलुगू मिळाला. मला अर्धंच कळतं. आईचं माहेर तेलंगणातलं, मग तीच माझ्या कानात सांगायला लागली.

"गुरूवर लाल वादळ आहे म्हणे. शेकडो वर्षं शमलं नाही. आपली पृथ्वी मावंल त्यात."

"आणि शनी?"

"पाण्यात टाकला तर तरंगंल."

"एवढं पाणी आणायचं कुठून?"

"गप ऐक! हा युरेनस बघ, आडवा पडूनच फिरतो बिचारा. त्याच्या टोकाला बेचाळीस वर्षं उजेड, मग तेवढाच अंधार."

पुढं नेपच्यूनचं वारं आलं, सगळ्यांत जोराचं. आई "बेचाळीस वर्षं..." एवढंच पुटपुटली. अंधारापाशीच अडकली होती बहुतेक.

संध्याकाळी तारांगणाच्या अंगणात शनीवर दुर्बीण लावली होती. आमच्या पुढची बाई ओरडली, "अय्यो, अंगूठी जैसा!" आई वाकली. उजवा डोळा लावला, मग डावा.

"कडं कुठंय रे?"

"मधोमध बघ."

"कापसाचा बोळा दिसतोय नुसता." मागची रांग थांबली होती. दुर्बीणवाला म्हणाला, "अम्मा, आराम से देखो." ती पुन्हा वाकली. मग पदर सारखा करून बाजूला झाली.

परत येताना रिक्षात म्हणाली, "साडेसातीतच मला त्याचं तोंड बघायचंय. या गावात डोळ्याचे डॉक्टर असतील ना?"

"आपल्या लॉजजवळच, कोठी भागात गल्लीभर आहेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, आणि सुट्टी वाढवून एका डोळ्याचं ऑपरेशन करूनच परतलो.

पट्टी निघाल्यावर एका संध्याकाळी ती देगलूरच्या गच्चीवर उभी होती. "तो बघ शनी. लुकलुकत नाही तो." कडं नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीच. दुसरा डोळा झाला की पुन्हा दुर्बिणीला जायचं ठरलंय.

शनिवारी तेल मात्र अजून घालते. मी हसलो, तर म्हणाली, "एक पळी शनीची. दुसरी त्या आडव्या पडलेल्याची, त्याला कोण विचारतंय?"